दोन कुलपांचं दार

मनोहरकाका जेवायला बसले की मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करतात आणि त्यात एक बंद दार बघत जेवतात. क्रिकेट नाही, मालिका नाही, बातम्या नाहीत. दार. निळ्या रंगाचं, एकावर एक दोन कुलपं लावलेलं. वरणभात संपेपर्यंत त्या दारात काही म्हणजे काही घडत नाही, आणि काका तृप्त होऊन हात धुवायला उठतात.

"पाहिलं? कोणी नाही आलं," ते म्हणतात.

"रिकाम्या घरावर येवढी नजर," कुसुमकाकू ताटं उचलता उचलता म्हणतात. "इथं भरल्या घरात मी बसली हाय. मले पाहाले लावा ना एखादा कॅमेरा."

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते, त्यामुळे हा संवाद मला पाठ आहे. काका रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झाले. ते निळं दार रायपूरच्या गुढियारी भागातल्या तीन खोल्यांच्या घराचं, त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. काकांची आई शेवटपर्यंत तिथे राहिली आणि गेल्या उन्हाळ्यात गेली. तेराव्यानंतर धाकट्या भावानं, दिगंबरकाकांनी, दार ओढून कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. वाईट हेतू काही नव्हता, कोणाच्या तरी खिशात ती जायचीच होती. पण मोठ्या भावाला विचारलं नाही! काका तडक बाजारात गेले, मोठं पितळी कुलूप घेऊन आले आणि त्याच दाराला वरच्या कडीत ठोकून दिलं. त्या दिवसापासून दोघं भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. चोर सोडा, मालकांनाही आत जाता येणार नाही असं रायपूरमधलं हे एकमेव घर असावं.

एवढ्यावर भागलं नाही. भाऊ कुलूप तोडेल म्हणून काकांनी ओसरीच्या एका खांबावर कॅमेरा बसवला. उन्हावर चालणारा, मोबाईलचं बटण दाबून त्यातून बोलता येणारा. आठवड्याभरात त्याच कॅमेऱ्यात त्यांना दिसलं की दिगंबरकाका शिडीवर चढून समोरच्या खांबावर स्वतःचा कॅमेरा बसवत आहेत, आणि तोंड दाराकडे नाही, काकांच्या कॅमेऱ्याकडे. मग काकांनीही आपला थोडा वळवून घेतला.

काका भावाचं नाव घेत नाहीत. "पार्टी" म्हणतात. आणि कोणत्याही वादात त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: "रिकॉर्डिंग हाय आपल्यापाशी." दूधवाल्यानं दूध पातळ दिलं तरी रिकॉर्डिंग हाय. मी जिन्यातला दिवा बंद करायला विसरले तरी रिकॉर्डिंग हाय. जिन्यात कॅमेराच नाही, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

गुढियारीच्या गल्लीला मात्र त्या घराचा लळा लागला. ओसरीवर कोणी पत्ते खेळायला बसलं की खांबातून आवाज यायचा, "ए भैया, उठो यहाँ से! रिकॉर्डिंग है!" मंडळी वर बघून हात जोडायची, "राम राम भैया," आणि डाव संपवूनच उठायची. दोघा भावांचा आवाज हुबेहूब सारखा. कोणता खांब बोलला हे गल्लीला कळायचं नाही. एकदा एक गाय ओसरीवर चढली तेव्हा दोन्ही खांब एकदम ओरडले. गाईनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि दोघांच्या बरोबर मधोमध बसकण मारली.

दिगंबरकाका पंडरीच्या बाजारात कापडाच्या दुकानात आहेत. दर रविवारी जेवणाच्या वेळेला ते आपलं कुलूप ओढून बघायला येतात. काका तांब्याला टेकलेल्या मोबाईलवरून आम्हाला वर्णन ऐकवतात.

"पार्टी आली. हे पहा, आज लंगडून राहिली. डावा पाय. शुगर वाढली असन. जिलबी खाते चोरून, लहानपणापासूनची सवय." मग एकदम भानावर येऊन, "आपल्याले काय करायचं!"

काकांचा वार गुरुवार. त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालतात, मिशीला कात्री लावतात आणि जणू मुलगी बघायला चालले आहेत असे रिक्षात बसतात. एका कुलपाला तेल घालायला एवढा थाट! कारण भावाच्या कॅमेऱ्यात दिसायचं असतं. गुडघ्यानं काका वर्षभर हैराण आहेत, काठीशिवाय चालवत नाही. पण गल्लीच्या कोपऱ्यावर पानठेला आहे, तिथे ते काठी ठेवायचे आणि तिथून दारापर्यंत छाती काढून, दात आवळून चालत जायचे.

"पार्टीले वाटलं पाहिजे, मस्त चाललं हाय आपलं."

पौष पौर्णिमेला सकाळी मी चहा घेत होते, तेवढ्यात काका जिन्यावरूनच हाका मारत खाली आले. एका हातात काठी आणि मोबाईल, दुसऱ्या हातात तांदळाची पिशवी. मागून काकू ओरडत होत्या, "अहो, डबाच रिकामा केला!"

"पोरी, गाडी काढ वो तुझी. छेरछेरा आली दारात."

छेरछेरा म्हणजे आमच्या छत्तीसगडात त्या दिवशी पोरंसोरं दारोदार धान मागत फिरतात, आणि दारात आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नसतं. काकांची आई त्या दिवशी सकाळपासून उंबऱ्याच्या आत सूप घेऊन बसायची. तिच्या दारातून झोळी कधी रिकामी गेली नव्हती. आणि आता मोबाईलमध्ये मुलींचा घोळका त्या निळ्या दारासमोर उभा राहून "छेरछेरा! छेरछेरा!" ओरडत होता. काकांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

त्यांनी बटण दाबलं. "रुकव नोनी, झन जाव!" थांबा पोरींनो, जाऊ नका. "मी येऊन राहिलो!"

त्याच वेळी समोरच्या खांबातून तोच आवाज आला, "रुकव नोनी, झन जाव!" मुली दोन्ही खांबांकडे बघून हसत सुटल्या.

माझ्या स्कूटीवर मागे काका, मांडीवर तांदूळ, आडवी धरलेली काठी. अंडरब्रिजखाली त्या काठीनं दोन मोटारसायकलवाल्यांना वाट करून द्यायला लावली. पण पानठेला आला आणि काकांनी गाडी थांबवायला लावली.

"काका, आज तरी राहू द्या की!"

"रिकॉर्डिंग होते ना वो तिथं," ते म्हणाले, आणि काठी ठेवून आले.

दिगंबरकाका आमच्याआधी पोचले होते. तेच नाक, त्याच मिशा, हातात दुकानाची कापडी पिशवी तांदळानं भरलेली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. काकांनी मूठ भरली, पण हात पुढे जाईना. बाहेर रस्त्यावर उभं राहून द्यायचं कसं? आई आतून द्यायची. मग काकांनी खिशातून किल्ली काढली आणि आपलं पितळी कुलूप उघडलं. दुसरं लटकत राहिलं. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. दिगंबरकाकांनी नाक ओढलं, आणि तेही उघडलं.

दार फुगून बसलं होतं. शेवटी दोघांनी मिळून खांदा लावला तेव्हा ते उघडलं. खुंटीवरचं सूप धाकट्यानं काढलं, मोठ्यानं भरलं, आणि उंबऱ्याच्या आत उभं राहून त्यांनी प्रत्येक झोळीत घातलं. त्यांतली थोरली मुलगी फार हुशार निघाली. "दू झन बलाय हव, त दू घांव देव," ती म्हणाली. दोघांनी बोलावलंत तर दोनदा द्या. हिशेब बरोबर होता, दोनदा दिलं. उरलेला तांदूळ दोघांनी आईच्या पत्र्याच्या कोठीत ओतला.

मला वाटलं, आता हे गळ्यात पडणार. कसलं काय! दोघं बाहेर आले, दार ओढलं, आपापलं कुलूप लावलं आणि आपापलं ओढून पाहिलं. माझी चांगलीच निराशा झाली. काका छाती काढून पायरी उतरायला लागले आणि गुडघ्यानं दगा दिला. त्यांनी खांब धरला.

दिगंबरकाका डावा पाय ओढत कोपऱ्याकडे गेले. परत आले तेव्हा हातात काकांची काठी होती.

"घे दादा. तिथं ठेवतो अन् इथं खांब धरधरून चढतो. मी काय पाहत नाही काय?"

काकांनी काठी घेतली. तिच्याकडे बघत राहिले.

"तुले काय करायचं?" ते म्हणाले. मग काठी टेकवत, "तुझा डावा पाय कसा हाय?"

"तुले कसं माहीत?"

"रिकॉर्डिंग हाय."



दारावर कुलपं अजून दोनच आहेत. काका आता गुरुवारी काठी घेऊन थेट दारापर्यंत जातात, शर्टाची इस्त्री मात्र सुटलेली नाही. मोबाईल तांब्यालाच टेकलेला असतो. परवा रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. दिगंबरकाका पायरीशी आले आणि काका घास हातात धरून थांबले. भाऊ एक पायरी चढला, दुसरी चढला, नीट वर पोचला, तेव्हा त्यांनी तो तोंडात घातला.

मी काकूंकडे पाहिलं.

"हे आजचंच नाही वो," काकू हळूच म्हणाल्या. "कॅमेरा लावला तेव्हाच्या पहिल्या रविवारपासून असंच हाय."