काकांच्या जागी झाड

घर विकण्याचा निर्णय माझ्या पत्नीच्या उजव्या गुडघ्याने घेतला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही आणि जिन्याला चौपन्न पायऱ्या आहेत. तीस वर्षं गुडघ्याने त्या निमूटपणे सोसल्या. एकतिसाव्या वर्षी त्याने दुसऱ्या मजल्यावरच संप पुकारला. चार दिवसांनी डाव्या गुडघ्यानेही जाहीर पाठिंबा दिला, आणि वाटाघाटींचा प्रश्नच संपला.

तळमजल्यावरचं एक घर आम्ही फोनवर हेरून ठेवलं होतं. फोटोत ते इतकं सुरेख होतं की बायको भाजी चिरता चिरता मध्येच सुरी ठेवून ते बघायची. त्याचे मालक महिनाभर थांबायला तयार होते. तेवढ्यात आमचं घर विकलं गेलं पाहिजे होतं. म्हणून आम्ही मालमत्ता सल्लागारांना बोलावलं. पूर्वी या माणसांना दलाल म्हणत. हल्ली तसं म्हटलं तर त्यांना ठसका लागतो.

सल्लागार धापा टाकत वर आले, बुटांसकट सगळ्या खोल्या फिरले आणि गंभीर आजाराचं निदान करून आलेल्या डॉक्टरसारखे माझ्यासमोर उभे राहिले.

"घर चांगलं आहे, सर. पण इथे कोणीतरी राहतंय असं वाटतं."

"आम्हीच राहतो," बायको म्हणाली.

"तोच तर प्रॉब्लेम आहे, मॅडम. हल्ली घर कोणी बघत नाही. फोटो बघतात. आणि फोटोत माणसं राहिलेली चालत नाहीत."

"म्हणजे आम्ही राहतो हे लपवायचं?"

"लपवायचं नाही हो. फक्त दिसू द्यायचं नाही."

एवढं बोलून त्यांनी माझ्या हातात 'छायाचित्रणपूर्व सज्जता सूची' ठेवली. त्रेचाळीस कलमं होती. मी सरकारी दप्तरखान्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्तीनंतर अनुपालन करावं असं काही हाती आलंच नव्हतं. खरं सांगतो, मला भरून आलं. मी त्याच दुपारी मोठ्या कागदावर कलम क्रमांक, कार्यवाही आणि शेरा असे तीन रकाने आखले. बायको म्हणाली, "आता झालं. आता हे जेवायलासुद्धा अर्ज मागतील."

कलम एक ते बारा वैयक्तिक वस्तूंविषयी होती. आमच्या लग्नाचा फोटो उतरला. फ्रिजवरची चुंबकं निघाली. औषधांचा डबा, चपलांचं कपाट, पिशव्यांनी भरलेली पिशवी, सुईदोरा ठेवलेला बिस्किटांचा डबा आणि न चालणारी पण टाकवतही नसलेली तीन घड्याळं, हे सगळं झोपायच्या खोलीत गेलं. कलम तेरा वाचल्यावर कळलं की झोपायच्या खोलीचाही फोटो असतो. मग ते सगळं शेजारच्या वहिनींकडे गेलं. वहिनी स्वभावाने मोकळ्या. पहिल्या सहा खोक्यांना त्या "आणा हो, त्यात काय!" म्हणाल्या. सोळाव्या खोक्याला त्यांनी फक्त दार उघडलं. एकविसाव्याला दार उघडल्यावर वहिनी दिसल्याच नाहीत, खोक्यांमागून आवाज तेवढा आला.

आमचं घर असं निर्मनुष्य झाल्यावर सल्लागारांनी सजावट आणली. ओट्यावर काचेच्या भांड्यात अकरा मेणाची लिंबं. फळीवर पांढऱ्या पुठ्ठ्याची पुस्तकं, ज्यांच्या आत काहीही छापलेलं नव्हतं. सोफ्यावर एक राखाडी शाल, सहज पडल्यासारखी. ती सहज पडायला पंचवीस मिनिटं लागली. सल्लागार लांबून डोळे बारीक करून बघत आणि म्हणत, "अजून थोडी निष्काळजी, सर. डावीकडे जरा जास्त निष्काळजी." शेवटी मी शालीच्या चारही टोकांच्या जागी पेन्सिलने बारीक खुणा केल्या, म्हणजे निष्काळजीपणा पुन्हा हवा तेव्हा मिळावा.

पलंगावर त्यांनी एक ट्रे ठेवला. त्यात रिकामा कप, आणि शेजारी उघडं पुस्तक.

"हे काय?" बायकोने विचारलं.

"कोणीतरी आत्ताच वाचता वाचता उठून गेलंय, असा फील."

"आम्ही राहिलेलं चालत नाही, मग हे कोण उठून गेलं?"

"काल्पनिक रहिवासी, मॅडम. त्यांना पसारा नसतो."

"आणि गुडघे?"

"नसतात," सल्लागार निर्वाळा देत म्हणाले.

आता राहिले काका. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वय शहाऐंशी. एकोणीस वर्षांपूर्वी आठ दिवसांसाठी आले, ते दिवाणखान्यातल्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि तिथेच स्थायिक झाले. त्रेचाळीस कलमांत काकांचा उल्लेख नव्हता. मी सल्लागारांना तसं निदर्शनास आणून दिलं.

"ही खुर्ची छान आहे," ते म्हणाले. "बेज कलर. खुर्ची राहू दे. काकांना उचलू."

"कोण उचलतंय?" काका म्हणाले. त्यांना एरवी ऐकू येत नाही.

"आजोबा, फक्त तासभर. शेजारी बसा ना."

"शेजारी बसायला जागा आहे का? याची खोकी आहेत तिथे. आणि मी एकदा उठलो की नीट बसायला मला पाऊण तास लागतो. पाठीला कोन सापडावा लागतो. तुम्ही काढा फोटो. मी हलणार नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी सहकार्य म्हणून उच्चारलं होतं.

छायाचित्रकार बाई आल्या. कमी बोलणाऱ्या, गुडघ्यांवर बसून काम करणाऱ्या. त्यांच्याकडच्या भिंगातून आमचं न्हाणीघर असं दिसलं की तिथे एखादी छोटी सभा भरवता आली असती. काकांबद्दल त्यांनी वाद घातला नाही. "मी नंतर काढून टाकते," एवढंच म्हणाल्या. दोन दिवसांनी फोटो आले तेव्हा त्याचा अर्थ कळला. खुर्चीसकट काका गेले होते. त्यांच्या जागी रुंद पानांचं, तजेलदार, पुरुषभर उंचीचं झाड होतं. उत्तरेच्या भिंतीला एक खिडकीही आली होती. त्या खिडकीतून ऊन येत होतं आणि नेमकं त्या झाडावर पडत होतं.

आम्ही काकांना फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ डोळ्यांजवळ धरला. मला वाटलं, वाईट वाटलं असेल.

"पाणी कोण घालतं याला?" त्यांनी विचारलं. "बघ, किती टवटवीत आहे. मला सकाळपासून कोणी चहा विचारला नाही."

बायको उठली. चहाचं भांडं वहिनींकडे, सव्विसाव्या खोक्यात होतं.

फोटो झाले म्हणजे सुटलो, असा माझा समज होता. कलम बेचाळीस मी नीट वाचलं नव्हतं. गिऱ्हाईक कधीही येऊ शकतं, सबब मालमत्ता विक्री पूर्ण होईपर्यंत छायाचित्रानुरूप स्थितीत ठेवण्यात यावी. त्यामुळे आम्ही आमच्या घरात पाहुण्यासारखे, किंबहुना चोरासारखे राहू लागलो. जेवण जिन्यात. आंघोळ वहिनींकडे. दात घासायचा ब्रश मी शर्टच्या खिशात बाळगू लागलो, पूर्वी पेन बाळगत असे तसा. सोफ्यावर बसायचं नाही, कारण शाल. पलंगावर झोपायचं नाही, कारण ते काल्पनिक रहिवासी कप घेऊन केव्हाही परत येतील. आम्ही खाली सतरंजी टाकून झोपत असू आणि उजाडताच तिची गुंडाळी गच्चीत नेऊन ठेवत असू. ती नेण्याआणण्यात आणि वहिनींच्या खोक्यांत मीठ शोधण्यात बायकोच्या गुडघ्यांची पार वाट लागली. ज्या गुडघ्यांसाठी हे चाललं होतं, त्यांच्यावर आता सूज दिसत होती. मी शेऱ्याच्या रकान्यात 'किरकोळ' असं लिहिलं. तिने ते वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सोळाव्या दिवशी गिऱ्हाईक आलं. पस्तिशीतलं जोडपं. दोघांच्या हातात फोन, फोनमध्ये आमचे फोटो. सल्लागार पुढे, ती दोघं मागे. ती आधी फोटो बघत, मग खोली बघत आणि खोलीत काय काय कमी पडतंय ते एकमेकांना हळूच सांगत. दिवाणखान्यात दोघंही थबकली.

"इथे झाड होतं ना?" तो म्हणाला.

समोर काका बसले होते.

"झाड सध्या... हलवलंय," सल्लागार म्हणाले.

"आणि खिडकी?"

सल्लागारांनी माझ्याकडे पाहिलं. मी सूचीकडे पाहिलं. खिडकीविषयी सूचीत काही नव्हतं.

"खिडकी नाही आणि झाडही नव्हतं," बायको म्हणाली. सोळा दिवस गिळलेलं सगळं तिच्या आवाजात होतं. "ते आमचे काका आहेत. ती लिंबं मेणाची आहेत. पुस्तकं कोरी आहेत. आणि मला उभं राहवत नाही, म्हणून मी आता बसणार आहे."

"मॅडम, शाल!" सल्लागार ओरडले.

बायको शालीवर बसली. मग दोन्ही पाय उचलून तिने टीपॉयवर ठेवले, आणि तिच्या तोंडून एक असा सुस्कारा निघाला की मला माझ्या त्या 'किरकोळ'ची लाज वाटली. मी खिशातलं पेन काढायला गेलो. हातात ब्रश आला.

ती तरुण बाई सोफ्याकडे बघत होती. अगदी टक लावून.

"काकू," ती हळूच म्हणाली, "मी पण बसू?"

"बसा की हो. घर आहे, देऊळ नव्हे."

ती बसली. नवरा बसला. मग तिचे डोळे भरून आले. "आमचंही घर विकायला काढलंय," ती म्हणाली. "याच सल्लागारांकडून. बावीस दिवस झाले आम्हाला सोफ्यावर बसून. आम्ही दोघं गाडीत जेवतो."

"माझ्या सासऱ्यांना त्यांच्या बहिणीकडे पाठवावं लागलं," नवरा म्हणाला. "आमच्या फोटोत त्यांच्या जागी दिवा आहे."

"दिवा?" काकांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. झाड बरं, असं त्यांना वाटलं असावं.

मी वहिनींकडे गेलो. सव्विसावं खोकं उघडलं, भांडं आणलं, चहा टाकला. कपांच्या कडा उडालेल्या होत्या आणि एकाचा कान तुटलेला होता. पाहुण्याने तोच कप धरून ठेवला. तासाभराने उठताना ती दोघं म्हणाली, घर आम्हाला हवं. सल्लागारांनी जिन्यातच आपल्या वरिष्ठांना फोन लावला आणि सांगितलं, "फोटोंनी काम केलं, सर!"

पुढच्या रविवारी आम्ही ते तळमजल्यावरचं घर प्रथमच प्रत्यक्ष पाहायला गेलो. एकही पायरी नव्हती. बायको दारातून सरळ आत गेली, जशी दहा वर्षांपूर्वी चालायची तशी. घरच्या बाईंनी तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. खुर्चीवर ओले कपडे होते ते त्यांनी गडबडीने उचलून काखेत धरले. दोघींच्या पाच मिनिटांत गप्पा सुरू झाल्या. हवा, उजेड, गुडघे, सगळं निघालं.

मी फोन हातात घेऊन खोल्यांमधून फिरत होतो. माझ्या मागे घराचे मालक फिरत होते. मी जिथे बघेन तिथलं काहीतरी ते उचलत होते. एक टॉवेल. एक दप्तर. अर्धी चिरलेली काकडी. भिंतीवर कोणा नातवाने खडूने काढलेला हत्ती होता. तो उचलता येईना, म्हणून ते त्याच्यासमोर उभे राहिले.

"माफ करा हं," ते कानकोंडे होऊन म्हणाले, "जरा पसारा आहे."

"अहो, असू द्या, असू द्या," मी म्हणालो. "घर म्हटलं की एवढं चालायचंच."

बाहेर पडलो. कोपरा वळेपर्यंत मी थांबलो आणि मग बायकोच्या कानाशी लागलो. "घर उत्तम आहे गं. पण या लोकांना थोडं आवरायला काय होतं?"

बायको माझ्याकडे बघतच राहिली. तुम्हीही बघताय. पण तुमचं मला माहीत आहे. तुम्ही कोपरा वळेपर्यंतही थांबत नाही.