सामायिक अंधार

मी खड्ड्यात पडलो होतो आणि जनार्दनपंत काठावर उभे होते. त्यांच्या हातात तीन सेलचा टॉर्च होता. बंद.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"मी मास्तर बोलतोय. पाय मुरगळलाय हो. जरा टॉर्च लावा."

"टॉर्च माझा खाजगी आहे, मास्तर. रस्ता सामायिक आहे. आज लावला तर उद्या तुम्ही म्हणाल, पंतांनी रोज लावावा. एकदा लावला की वहिवाट पडते."

मी चाचपडत, गुडघ्यांवर, कसाबसा वर आलो. मी वर येईपर्यंत पंत थांबले होते, हे मात्र खरं. मी उभा राहिल्यावर म्हणाले, "खड्ड्याबद्दल लेखी द्या. तोंडी तक्रारीला अर्थ नसतो." आणि गेले. अंधारातच गेले.

आमचा रस्ता पनवेलच्या एका टोकाला, जेमतेम दोनशे पावलांचा, आणि पुढे बंद. एका शेठजींनी आपली आमराई तोडून तिथे आठ प्लॉट पाडले, विकले आणि ते मुंबईला निघून गेले. जाताना खरेदीखतात एक ओळ घालून गेले: रस्ता व त्यावरील दिवाबत्ती सर्व प्लॉटधारकांनी सामायिक जबाबदारीने सांभाळावी. सामायिक म्हणजे नेमकं कुणी, ते लिहायचं राहिलं. त्या एका ओळीवर जनार्दनपंत दोन वर्षं जगले.

पंत मिठागरांवरचे इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं उरणकडच्या उन्हात मिठाच्या राशी मोजून त्यांचा चेहराही तसाच झाला होता, कोरडा आणि पांढरट. जेवायला बोलावलं की आधी पानातल्या मिठाची चिमूट जिभेवर ठेवत आणि डोळे मिटून सांगत, "माती आहे यात. कुठल्या दुकानातून आणलंत?" यजमानीण बिचारी वाढायचं विसरून जायची. साध्या बोलण्यालाही ते पावती मागत. "पंत, आज पाऊस येईलसं वाटतं," म्हणालं की विचारत, "वाटतं म्हणजे कुणाला?"

पनवेलात वीज आमच्या बाजूला आली तेव्हा आम्ही हौसेनं रस्त्याच्या मध्यावर एक खांब उभा केला. शेजारच्या उस्मानभाईंच्या घरातून त्याला तार ओढली. उस्मानभाईंचं भाताच्या गिरणीचं काम, माणूस दिलदार. त्यांनी विजेबद्दल चकार शब्द काढला नाही. पण पहिल्याच पावसाळ्यात बल्ब गेला आणि पंतांनी सगळ्यांच्या दारात जाऊन सांगितलं की जबाबदारी ठरल्याशिवाय कुणीही त्या खांबाला हात लावू नये.

चार दिवसांनी उस्मानभाईंनी गुपचूप नवा बल्ब बसवला. एक रात्र उजेड पडला. सकाळी तो बल्ब वर्तमानपत्रात नीट गुंडाळून त्यांच्या पायरीवर ठेवलेला, सोबत चिठ्ठी: "आपल्या मालकीची वस्तू सामायिक खांबावर बेवारस आढळली. ताब्यात घेऊन पोच द्यावी." बल्ब काढायला साठीचे पंत शिडी लावून खांबावर चढले होते!

उस्मानभाई माझ्याकडे आले ते बल्ब हातात घेऊनच. "मास्तर, माझी गिरणी एवढी धडधडते, पण माझं डोकं कधी फिरलं नव्हतं. अल्लाकसम सांगतो, दिवा लावण्यात गुनाह काय आहे?"

मग बैठका सुरू झाल्या. दर रविवारी, पंतांच्या ओसरीवर. विषय एकच, दिव्याची जबाबदारी. पंत रस्त्याचा नकाशा काढून आणत. दिव्याचा उजेड कुणाच्या कुंपणात किती हात पडतो, हे त्यात लाल पेन्सिलीनं आखलेलं. ज्याच्या अंगणात जास्त उजेड त्याची जबाबदारी जास्त, असं एकदा म्हणाले. पुढच्या रविवारी म्हणाले, ज्याच्या अंगणात उजेड पडत नाही त्याच्यावर अन्याय, म्हणून कुणाच्याच अंगणात पडू नये. शेवटी आम्ही नगरपालिकेत गेलो. तिथल्या माणसांनी सरळ सांगितलं, आठही जणांनी सह्या करून रस्ता आमच्या ताब्यात द्या, आम्ही दिवा लावतो. सात सह्या एका दिवसात झाल्या. आठवी होईना.

"रस्ता आपला आहे," पंत म्हणत. "एकदा सरकारजमा झाला की कुणीही येईल, कुणीही जाईल."

"पंत, पुढे रस्ता बंद आहे. येऊन जाणार कुठे?"

"तो प्रश्न येणाऱ्याचा."

मी शाळेत शिक्षकांच्या खोलीत त्यांची नक्कल करून दाखवत असे. त्यांचं 'अंधारपंत' हे नावही मीच ठेवलेलं. दोन्ही गोष्टींचा मला तेव्हा अभिमान होता. माझी पत्नी सिंधू कधीतरी म्हणायची, "अहो, म्हातारा माणूस आहे, असेल काहीतरी." मी म्हणायचो, "काही नाही. शुद्ध आडमुठेपणा." पंतांच्या पत्नी वारल्या होत्या. घरात एक मुलगी, मालती. ती आजारी असते, बाहेर येत नाही, एवढंच आम्हाला माहीत होतं. आमच्यापैकी कुणी तिला पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणी विचारलंही नव्हतं. दिव्याबद्दल मात्र आम्ही दोन वर्षं रोज बोललो.

मग हिराबाई पडली.

हिराबाई खाडीची मासळी घेऊन संध्याकाळी आमच्या रस्त्यावर यायची. त्या दिवशी तिला उशीर झाला. डोक्यावर पाटी, पायाखाली अंधार. खांबाजवळच्या दगडाला ठेचकाळली आणि उजवा हात मोडून बसली. उस्मानभाईंनी तिला टांग्यातून दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी मी बघायला गेलो तर हात गळ्यात बांधलेला.

"मास्तर, तुमी शिकलेली मानसं," ती म्हणाली. "तुमच्या रस्त्याला येक दिवा नाय? आता दोन म्हयने पाटी कशी उचलू? घरात खानारी पाच तोंडं हायत."

घरी आलो, तो सात सह्यांचा कागद खिशात घातला आणि टॉर्च घेऊन पंतांकडे निघालो. आज सही घेतल्याशिवाय परतायचं नाही, मग शब्दाला शब्द वाढला तरी चालेल, असं ठरवलं होतं. दिवेलागण होऊन तासभर झाला असेल.

त्यांच्या फाटकाच्या अलीकडेच मला हसू ऐकू आलं. बाईचं, मोकळं. कुणीतरी भरभर चालत होतं आणि म्हणत होतं, "अण्णा, तुम्ही फारच हळू चालता बाई. मी एक फेरी पुढे आहे."

"अगं, दम लागतो मला," हा पंतांचा आवाज. हसरा. पंत हसतात हेच मला नवीन होतं.

रागाच्या भरात मी टॉर्च लावला आणि थेट त्यांच्यावर धरला. उजेड पडला तो तिच्या तोंडावर. तिशीच्या पुढची बाई, नाकीडोळी नीटस. कपाळापासून गळ्यापर्यंत कोडाचे पांढरे डाग. एक क्षण ती तशीच उभी राहिली आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पंत तिच्यापुढे आडवे आले, हात पसरून.

"मास्तर," ते म्हणाले, "बंद करा हो. पाया पडतो."

मी टॉर्च बंद केला. अंधारात पंत बोलू लागले.

"उरणला होतो तेव्हा सुरू झालं. आधी हातावर, मग चेहऱ्यावर. डॉक्टर म्हणतात, लागत नाही कुणाला. पण विहिरीवरच्या बायका हिला बघून घागरी उचलून घ्यायच्या. स्थळं आली, चहा पिऊन गेली. मग हिनं दार लावून घेतलं. इथे रस्ता आपला, पुढे बंद, अंधार असतो... म्हणून तासभर पाय मोकळे करते. एवढंच आहे, मास्तर. बाकी काही नाही."

खिशातल्या कागदापर्यंत गेलेला हात मी तसाच मागे घेतला. पण मालतीनंच विचारलं, "तुम्ही कशाला आला होता?"

मी हिराबाईचं सांगितलं. थोडक्यात, जमेल तसं.

"आपल्या रस्त्यावर पडली?"

"हो."

"अण्णा, सही करा."

"माले, अगं—"

"तिचं पोट त्या हातावर आहे. सही करा."

पंतांनी स्वतःचा टॉर्च लावला, कागद फाटकाच्या खांबावर टेकवला आणि सही केली. एकही अट घातली नाही.

महिन्याभरात नगरपालिकेचा दिवा लागला. चांगला लख्ख. उस्मानभाईंनी पेढे वाटले. मला लोकांनी विचारलं, "मास्तर, म्हाताऱ्याला वठणीवर कसं आणलंत?" मी पेढा तोंडात टाकला. पंतांचं फाटक बंद झालं ते बंदच. चिठ्ठ्या थांबल्या. रविवारी त्यांच्या ओसरीवर कुणी जाईना. मी फक्त सिंधूला सारं सांगितलं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि तुम्ही नकला करत होतात." दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

दहाबारा दिवसांनी एका संध्याकाळी तिनं चपला घातल्या. "चला," म्हणाली. पंतांच्या दारात जाऊन तिनं हाक मारली, "मालतीताई, मला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. एकटीला कंटाळा येतो. येता का?" डॉक्टरांनी तिला असलं काहीही सांगितलं नव्हतं.

पंतांनी दार उघडून तिला आत घेतलं आणि स्वतः बाहेर आले. आत बराच वेळ कुजबुज झाली. एकदा रडण्याचा आवाजही आला. पंत आणि मी फाटकाशी उभे होतो. शेवटी दोघी बाहेर आल्या. मालतीनं पदर डोक्यावरून पुढे ओढला होता. दिव्याच्या अलीकडे तिची पावलं थांबली. सिंधूनं तिचा हात हातात घेतला, काहीतरी बोलली, आणि दोघी उजेडात शिरल्या.

पंतांनी रस्त्याकडे पाठ केली. स्वतःच्याच दाराकडे बघत राहिले.

"मास्तर," त्यांनी हळूच विचारलं, "लोक बघतायत का?"

मी पाहिलं. उस्मानभाईंच्या ओट्यावर सगळं घर उभं होतं. समोरच्या कुंपणाशी दोन बायका डोक्याला डोकं लावून बोलत होत्या. त्यातल्या एकीनं आपल्या लहानग्या मुलीला दंडाला धरून आत ओढलं.

"नाही, पंत," मी म्हणालो. "कुणी बघत नाहीये."

त्यांनी मान हलवली. पण वळून काही पाहिलं नाही.