देवधर काकांची खडूची रेघ

देवधर काका कुणाच्याही घरी गेले की आधी फ्रिजची चौकशी करतात, मग माणसांची. हातात मोबाइलएवढा मीटर, खिशात खडू. फ्रिज, मिक्सर, वायफायचा डबा, सगळ्यांसमोर मीटर धरायचा, आकडा पुटपुटायचा, मग मागे सरकत जाऊन लादीवर रेघ मारायची. "इथून पुढे निर्धास्त!" डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये बहुतेक घरांत अशी रेघ आहे.

"काका, आत्ताच लादी पुसली!" शिंदे वहिनी ओरडतात.

"पुसा की. रेघ पुसली म्हणून विजेचं क्षेत्र पुसलं जात नाही."

काकांनी एमआयडीसीतल्या कारखान्यात जन्मभर ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळल्या. मी ठाण्याला कॉलेजात फिजिक्स शिकते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे वर्गात हात वर करायची अजून भीती वाटते. विद्युतचुंबकीय क्षेत्राची व्याख्या पाठ होती, अर्थ नव्हता. शेवटी काकांनाच विचारलं.

"अगं, उदबत्ती लावतेस ना? जवळ वास जास्त, लांब गेलं की कमी. डोळ्यांना दिसतो का? तसंच हे. तारेतून वीज वाहिली की भोवती क्षेत्र आलंच. घाबरायचं नाही, किती लांब आहोत ते बघायचं."

मला पहिल्यांदा कळलं, असं वाटलं तरी.

संक्रांतीच्या सुमारास ते आमच्याकडे आले. इंडक्शनची शेगडी चालू करायला लावली आणि बरंच मागे जाऊन रेघ मारली. आईला वाटलं, हळदीकुंकवासाठी रांगोळीची जागा आखून दिली. काकांचं पाणी पिऊन होईपर्यंत तिने त्या रेघेवर वेल काढलीसुद्धा.

काकांनी वेल निरखली. "उत्तम. आता कुणी ओलांडणार नाही."

"काकूंना घेऊन या हं," आई म्हणाली.

काका मीटरचं बटण चालू-बंद करत राहिले. "तिच्यासाठीच तर मोजतोय, वहिनी."

काकूंना दिवाळीनंतर पेसमेकर बसवला होता. तेव्हापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. शेगडीपासून दोन फूट लांब राहा, बाकी खुशाल फिरा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. काकूंचं म्हणणं, "डॉक्टरांच्या छातीत कुठे बसवलाय?"

"माझं तर तिने चाळीस वर्षांत ऐकलेलं नाही," काका म्हणाले. "पण मीटरवर तिचा विश्वास आहे."

"आणि नाही आल्या तर?" मी चाचरत विचारलं.

"तर पुढच्या वर्षी परत मोजू."

काकू आल्या. काकांचा हात धरून, दर चार पायऱ्यांवर थांबत. काकांनी त्यांना दारात सोडलं. बायकांच्या हळदीकुंकवात त्यांचं काय काम? काकू वेलीच्या अलीकडे अवघडून बसल्या. शिंदे वहिनी उखाण्यासाठी मागेच लागल्या. काकू बराच वेळ नाही नाही म्हणाल्या आणि एकदम सुरू झाल्या:

"फ्रिज मोजला, मिक्सर मोजला, मोजला घरचा पंखा,
श्रीधररावांचं नाव घेते, आता मिटली शंका!"

सगळ्या हसून लोटपोट. काकू सगळ्यात जास्त.

मी काकांसाठी तिळगूळ घेऊन बाहेर आले. मला वाटलं होतं, खाली त्यांच्या घरी जावं लागेल. ते जिन्यातच पायरीवर बसलेले.

"काका, काळजी करू नका. शेगडीचा प्लग मी स्वतः काढलाय."

"ते नाही गं." त्यांनी तिळगूळ हातातच धरला. "दार जरा उघडं ठेवशील? ती हसलेली नीट ऐकू येत नाही."

मी दाराला माझी चप्पल लावून ठेवली.