चौसष्ट अक्षरांचा पाहुणा

सुधाकरभाऊ घरी आले की आधी पाणी घेत नाहीत, चहा घेत नाहीत. उंबऱ्यात उभे राहून चौसष्ट अक्षरं वाचतात. चार-चार करून, मंगलाष्टकांच्या सुरात. "सात, बी, शून्य, चार!" आपण आपल्या फोनकडे बघून ओरडायचं, "जुळलं!"

प्रकार असा. आम्ही रिसोडच्या बाजार समितीतले अडते. कोणाचं सोयाबीन कोणत्या ओट्यावर उतरलं, ओलावा किती निघाला, हे आमच्या मंडळाच्या संगणकावर चढतं आणि आम्हाला फोनवर दिसतं. हा संगणक उभा केला सुधाकरभाऊंनी, टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर. आता समोरचा संगणक खरंच आपला, मधे कोणी भामटा बसलेला नाही, याचा दाखला फोनला लागतो. सारं जग तो बाहेरच्या मोठ्या संस्थांकडून घेतं. भाऊंनी तो स्वतःच्याच सहीने दिला! फोन ती सही ओळखेना. लाल पाटी आली: हे ठिकाण सुरक्षित नाही.

"सुरक्षित नाही म्हंते!" भाऊ कडाडले. "त्याले काय मालूम? तो कदी रिसोडले आला काय?"

पाटी ओलांडून पुढं जाऊ का, असं मी विचारलं, तर माझ्यावरच घसरले. "आज हे वलांडसान, उद्या चोराची पाटीबी वलांडसान! आदी ओळख, मंग विश्वास."

म्हणून ते मोपेडवर घरोघर येतात, आपल्या सहीचा नमुना फोनमध्ये बसवतात, आणि तो अस्सल आहे का, हे त्या चौसष्ट अक्षरांवरून ताडून घ्यायला लावतात. एक अक्षर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यात हा माणूस मुद्दाम एखादं चुकीचं वाचतो. एकदा मी चुकीच्या अक्षरावरही "जुळलं" म्हणालो. भाऊंनी कागद घडी घालून खिशात टाकला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वैनी, याईले सांभाळा. हे कोनालेबी जवाई म्हनून घरात घेतीन!"

नमुन्याची मुदत एक वर्ष. म्हणजे दरवर्षी, हंगामाआधी, सगळ्या घरांची फेरी.

यंदा मंडळाचा अध्यक्ष झाला नितीन. बैठकीत म्हणाला, "काका, बाहेरचा दाखला फुकट भेटते. फोन आपोआप ओळखते. तुमची फेरी बंद करू."

भाऊ उभे राहिले. "फुकट भेटते म्हनून बाप बदलतं काय? त्या लोकाईनं मले पाह्यलं नाही, मी त्याईले पाह्यलं नाही. माह्या घराची ओळख ते कायले देतीन? आपल्या गावची सही आपल्या गावात चालाले पायजे!"

टाळ्या पडल्या. पहिली मी वाजवली.

नितीन हसला. "बरं, सही तुमचीच ठेवू. पन मुदत वीस वर्षांची टाका. टाकता येते ना?"

भाऊंनी खिशातला कागद चाचपला. "टाकता येते," ते हळूच म्हणाले आणि खाली बसले.

मला त्यांचं स्वयंपाकघर आठवलं. भाऊंची बायको वारली, लेक नांदेडला. ओट्यावर एकच कप पालथा घातलेला असतो.

मी ताडकन उठलो. "वीस वर्षं? त्या सहीची किल्ली कोणाच्या हाती लागली तर वीस वर्षं कोण निस्तरणार? एक वर्ष म्हणजे एक वर्ष! ज्याला पटत नाही, त्याने चौसष्ट अक्षरं पाठ म्हणून दाखवावीत." कोणी उठलं नाही. नितीननेही मान डोलावली.

पंधरा दिवसांनी मोपेड आमच्या दारात थांबली. बायकोने चहा ठेवला. भाऊ उंबऱ्यात उभे राहून वाचू लागले. शेवटच्या चौकडीत त्यांनी मुद्दाम चुकीचं अक्षर टाकलं.

"नाही जुळलं!" मी म्हणालो.

भाऊ खूष झाले. पुन्हा वाचलं. यावेळी सगळं बरोबर होतं, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत.

"नाही जुळलं, भाऊ," मी म्हणालो. "पहिल्यापासून घ्या. पण आधी आत या, बसून वाचा."