आप्पाजींच्या खांद्यावरचा हात

ठरलेला कार्यक्रम रद्द करायचा नाही, हा माझा बाणा! बंगळुरातल्या आमच्या मराठी मंडळाचा मी सात वर्षं चिटणीस. चिकपेटेत कापडदुकानाच्या माडीवर आमचं सभागृह. सभागृह म्हणजे साठ खुर्च्या, एक सतरंजी आणि दमेकऱ्यासारखा खोकणारा पंखा! पण तिथे मी भर पावसात कीर्तन लावलंय, बससंपात नाटक केलंय. तेव्हा एकसष्ट साली त्या शुक्रवारी कचेरीत फोन आला, तरी मी डगमगलो नाही.

रविवारी शाहीर आप्पाजींचा कार्यक्रम होता. आप्पाजी मूळचे निपाणीकडचे, आता आनेकलला मागावर कामाला. स्वतःचीच गाणी डफावर म्हणायचे. मागे तुणतुणं घेऊन परसू नावाचा एक बारका माणूस, 'जी जी रं जी' म्हणायला.

फोन आनेकलच्या पोस्टातून होता. बोलणारा कन्नड, मराठी मोडकं, आणि लाइनीत कुणीतरी पापड तळत असल्यासारखी खरखर!

"आप्पाजी... पर... वारला!"

"कोण वारलं?"

"आप्पाजी... पर... वारला! रविवार आगल्ला, जमत नाही!"

आप्पाजी परवा वारले! म्हणजे अंत्यविधीही आटोपला असणार.

"फार वाईट झालं!" मी ओरडलो. "पण रविवार रद्द नाही! पाच वाजता शोकसभा! घरच्यांना घेऊन या!"

"तुम्ही देवमाणूस, स्वामी!" पलीकडचा गहिवरला.

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? सभागृह तेच, खुर्च्या त्याच, फळ्यावर 'शाहिरी गीते' पुसून 'श्रद्धांजली' लिहिलं की झालं!

फोटो एकच होता. जाहिरातीसाठी आप्पाजींनीच दिलेला, 'जपून ठेवा, परत पायजे' असं बजावून. त्यात आप्पाजी, शेजारी परसू, आणि परसूने मागून आप्पाजींच्या खांद्यावर टाकलेला हात. श्रद्धांजलीच्या तसबिरीत जिवंत माणूस? केवढा अपशकुन! मी कात्री घेतली आणि परसूला कापून काढलं. तुकडा गेला पाण्याच्या बंबात. चार बोटं तेवढी खांद्यावर उरली. ती कापावीत तर आप्पाजींचा खांदाच जाणार! मी त्या बोटांवर झेंडूचा हार सोडला. प्रश्न मिटला.

रविवारी ही गर्दी! जिवंत आप्पाजींना वीस डोकी जमायची. मेलेल्या आप्पाजींना खुर्च्या पुरेनात. अध्यक्ष बिंदुमाधवराव मागच्या वर्षी आप्पाजींच्याच कार्यक्रमातून 'काय हा आरडाओरडा' म्हणत मधेच उठून गेले होते. आज ते डोळे पुसत होते.

"काय ती प्रतिभा! एकेक शब्द काळजातून आलेला! हाय हाय! तो आवाज आता पुन्हा कानी पडणे नाही!"

"जरा वाट द्या की वो," दारातून आवाज आला.

दारात आप्पाजी! काखेत डफ, हातात तुणतुणं, मागे डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई. पहिल्या रांगेतल्या वसुमतीबाईंनी अशी किंकाळी फोडली की खालच्या दुकानातला गुमास्ता गज घेऊन वर आला! बिंदुमाधवरावांनी पेला समजून फुलदाणी तोंडाला लावली.

"बस चुकली, माफी करा," आप्पाजी हात जोडून म्हणाले. "सुतकात बाईमाणूस भाईर पडत न्हाई, पर तुमी बोलावलासा म्हणून आणली. गंगव्वा, बघ गं, तुझ्या दादल्यासाठी केवढी माणसं आल्यात!"

परवा नव्हे, परसू! आप्पाजींचा परसू वारला होता!

"नरसिंहराव," बिंदुमाधवराव माझ्या कानात फिसकारले, "हा मनुष्य जिवंत आहे! आणि माझी अजून दोन पानं उरलीत!"

आप्पाजी तसबिरीपाशी गेले. स्वतःकडेच बघत राहिले.

"परसू कुठाय?"

"कापला," मी म्हणालो.

"आनि त्यो तुकडा?"

"बंबात."

आप्पाजी तसबिरीवर वाकले. मग म्हणाले, "त्याचा त्यो एकच फोटू हुता, साहेब. जत्रंत काढल्याला."

पंखा खोकत राहिला. गंगव्वा पुढे आली. तिने हार बाजूला केला आणि त्या चार बोटांवर आपलं बोट टेकवलं.

"ह्यो त्यांचा हात," ती म्हणाली. "करंगळी मागात चेंगारली हुती. वाकडी हाय बघा." आणि तिथेच सतरंजीवर बसली.

आप्पाजी अध्यक्षांकडे वळले. "काळजातनं आल्याले शब्द म्हणालासा. जिन्यात ऐकलं म्या. त्ये शब्द परसूचे. समदी गाणी त्योच जुळवायचा. मी नुसता गळा."

"मग कधी सांगितलं का नाहीत?"

"कुणी इचारलंच न्हाई. आनि त्याला म्होरं यायची लाज वाटायची."

आप्पाजींनी डफ काढला. परसूचं शेवटचं गाणं म्हणायचं होतं. झील धरायला कोण? कुणी हलेना. त्यांनी तुणतुणं माझ्या हातात ठेवलं.

"तुमी कापलासा, आता तुमीच हुबा ऱ्हावा त्याच्या जागी."

मी उभा राहिलो. आप्पाजींनी आवाज लावला,

"उभा धागा, आडवा धागा, जल्मभर विणलं लुगडं,
घरच्या लक्ष्मीस नेसवलं तवा निघालं की तोकडं!"

"जी जी रं जी!" मी ठोकून दिलं. एक ओळ आधी! दुसऱ्या खेपेला एक ओळ नंतर, आणि आवाज असा, जणू म्हशीचं शेपूट दारात सापडलंय! कुणीतरी फिसकन हसलं. गंगव्वाने पदर तोंडाशी धरला. खांदे हलायला लागले. रडते आहे, असं वाटून मी थांबलो. ती हसत होती! हसता हसता रडत होती, रडता रडता पुन्हा हसत होती, आणि आप्पाजी डोळे मिटून गातच होते.

सभा संपल्यावर गंगव्वा तसबीर उराशी धरून जिना उतरली. मी मागे धावलो.

"अक्का, फोटोचं... मला क्षमा करा."

"फोटूचं आता काय बोलू?" ती म्हणाली. "पर तुमी पुन्यांदा गाऊ नका, अण्णा. आमच्या मालकांनी ऐकलं असतं तर जिन्यावरनं ढकललं असतं तुमास्नी."

मी मान खाली घालून तुणतुणं आप्पाजींना परत केलं. त्याला असते एकच तार. तीही माझ्या हातून तुटली होती, हे सांगायचं धाडस मात्र मला झालं नाही.