तुळाजी मगदूम यांनी गुरूस लाथ मारिली त्याची हकीकत

श्री. जी माता मूठ वळावयास शिकविते आणि जी माता हात जोडावयास शिकविते त्या दोघींस वंदन करून ही हकीकत लिहावयास घेतली असे. नमनाला घडाभर तेल नको. ऐकणारांनी मांडी घालून बसावे, मध्येच चहास उठू नये, उठल्यास मागील मजकूर पुन्हा सांगितला जाणार नाही. शके एकोणीसशे नऊ, प्रभवनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी राज्यात वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे.

राज्यात, म्हणजे आमच्या गावात, रायाजीराव भोईटे म्हणोन कराट्याचे गुरू होते. अंगाने काटक, बोलणे मोजके, आणि उडी ऐसी की पाहणाराची टोपी पडावी. दुकानदार, कारकून, मास्तर ऐसे नाना जातीचे लोक प्रातःकाळी त्यांचे आखाड्यात विद्या घेत, त्यांत पट्टशिष्य तुळाजीराव मगदूम, पिठाच्या गिरणीचे धनी. देह कैसा, तर गिरणीच्या दारातून आत शिरता दोन्ही खांदे चौकटीस घासत, आणि मन पाहावे तर लोणी. मांजर आडवे गेले तरी त्यास वाट देऊन मग पुढे जात. गुरूंस ते देवाचे ठायी मानीत आणि 'सर' म्हणत. त्याच राज्यात दुसरी गादी तांबड्या मातीच्या तालमीची, तिचे धनी वस्ताद हैबतराव चौगुले, मनुष्य थोर परंतु जिभेस हाड नाही. ते एके दिवशी भर बाजारपेठेत बोलिले की कराटे म्हणजे नाच, हवेत पाय झाडावे आणि ओरडावे, त्यांत लागते कोणास? हे बोल रायाजीरावांचे जिव्हारी लागले. आणि शिष्य गळू लागले, काही तर तालमीत जाऊन लंगोट बांधते जाहले. मग गुरूंनी मसलत केली की आता सिनेमा काढावा, विद्या आहे तैसी पडद्यावर दाखवावी, आणि राज्याने न्याय करावा. विद्या खरी ठरली तर आखाडा राहील, खोटी ठरली तर आपणच कुलूप घालावे. सिनेमाचे नाव 'पोलादी पाऊल' ठेविले. नायक गुरू स्वतः, आणि खलनायक तुळाजीराव, कारण तेवढ्या देहाचा दुसरा कोणी नव्हता. एक म्हैस होती, परंतु तिजला संवाद म्हणता येईनात.

मग सिनेमाची फौज दगडाच्या खाणीत उतरली आणि मोहीम सुरू जाहली. तुळाजीरावांस काळा अंगरखा दिला, डोळ्यांत काजळ घातले, गालावर व्रण काढिला, आणि त्यांनी राज्यातील दुबळ्यांस छळण्याचे प्रसंग ऐसे उत्तम केले की छळ जाहलेले लोक नंतर त्यांजकडेच पाणी मागत. परंतु शेवटची लढाई आली आणि घोडे अडले. खलनायकाने नायकाचे छातीवर लाथ मारावी ऐसे होते, आणि तुळाजीरावांचा पाय गुरूंचे छातीपासोन वीतभर अलीकडेच थांबे. कॅमेरेवाले म्हणाले, हे तर लटके दिसते. पुन्हा केले, पुन्हा तेच. फीत संपत आली, ऊन उतरू लागले, तेव्हा गुरूंनी शिष्यास एका धोंड्याआड नेले. तुळाजीराव घामाने निथळत होते, काजळ गालावर उतरले होते, आणि ते हात जोडून बोलिले, "सर, पाय उचलंना. तुमच्या छातीला पाय लावू व्हय?"

गुरू म्हणाले, "लाव. लाथ लटकी पडली तर वस्ताद बोलले तेच खरं ठरतंय. पाप लागलं तर माझ्या माथी."

गुरूची आज्ञा, मग इलाज काय. तुळाजीरावांनी डोळे मिटून मातुश्रींचे स्मरण केले आणि जे उठले ते थांबले नाहीत. मग जी लढाई जाहली ती काय वर्णावी! धूळ उडाली, खाणीतले पारवे उडाले, गुरू मागे जात आणि पुन्हा उभे राहात, आणि शेवटी गुरूंनी ऐसी उडी घेतली की खलनायक चारी मुंड्या चीत जाहला. सर्वांनी वाहवा केली. तुळाजीराव मात्र त्या दिवशी जेवले नाहीत. आपण लाथ मारिली एवढेच त्यांचे ध्यानी राहिले, बाकी लढाईत हातपाय काय करीत होते ते त्यांस आठवेना.

पुढे फीत दूरच्या नगरी कापावयास गेली, कापून आली, परंतु थिएटरांचे जहागीरदार दारात उभे करीनात. ते म्हणत, तुमच्या नायकास कोण ओळखतो? तेव्हा एका शहाण्या शिष्याने सल्ला दिला की थिएटर राहो बाजूला, कॅसेट काढावी, म्हणजे सिनेमा थेट लोकांच्या घरात शिरेल. ते सर्वांस मानवले. कॅसेट निघाली, वेष्टणावर गुरू आकाशात आणि खाली तुळाजीराव दात विचकून, ऐसे देखणे चित्र. मग प्रथम दर्शनाचा समारंभ रविवारी दुपारी आखाड्यातच केला. खिडक्यांस घोंगड्या लाविल्या, टीव्हीस हार घातला, गुरूंच्या पत्नी गुणवंताबाई यांनी व्हीसीआरपुढे नारळ वाढविला. वस्ताद हैबतरावांस मानाने बोलाविले, पुढे खुर्ची दिली, आणि राज्याच्या रिवाजाप्रमाणे मुख्य पाहुण्याचे हाती पानसुपारीचे तबक दिले, आणि त्याच तबकात मान म्हणोन रिमोटही ठेविला. त्यावेळी हे कोणासच वावगे वाटले नाही.

सिनेमा सुरू जाहला. वस्ताद पान चघळीत मुकाट पाहात होते, आणि तुळाजीराव मागे भिंतीशी अंग चोरून बसले होते, जितके चोरता येईल तितके. शेवटची लढाई लागली. लाथ बसली. वस्तादांनी रिमोट उचलिला आणि चित्र मागे नेले, पुन्हा पुढे आणिले, आणि मध्येच थांबविले. आणि सर्व सभेने पाहिले की तो क्रूर खलनायक, डोळे लाल, दात बाहेर, गुरूचे छातीवर लाथ मारोन होताच चटकन् वाकून गुरूचे दंडास हात लावितो आणि तोच हात आपल्या छातीस लावून नमस्कार करितो. चुकून कोणास पाय लागला की घरी मातुश्री जे करावयास लावीत, तेच. वस्तादांनी पुढची लाथ लाविली. तेथेही नमस्कार. मग सभा जी हसावयास लागली ती आवरेना, लोकांच्या मुरकुंड्या वळल्या. कोणी म्हणे व्हिलन दर्शन घेतोय, कोणी म्हणे आता प्रसाद वाटील.

तुळाजीरावांस मेल्याहून मेल्यासारखे जाहले. हाच तो सिनेमा, ज्यावर गुरूंनी सारी विद्या लाविली, आणि तो आपल्या एका खोडीने तमाशा जाहला. उद्या राज्यात घरोघर हीच कॅसेट फिरेल, लोक हेच मागे-पुढे करून पाहतील आणि पोट धरून हसतील. आता आखाड्यास कुलूप, आणि ते आपल्या हाताने. त्यांनी गुरूंकडे पाहिले. गुरू ताठ बसले होते, तोंडावर काही उमटत नव्हते, आणि तुळाजीरावांस तेच अधिक बोचले.

वस्तादांनी मात्र हसणे केले नाही. ते पुन्हा मागे नेत, पुन्हा पुढे आणीत, खुर्ची सरकवून टीव्हीच्या अगदी नाकाशी जाऊन बसले. मग हात वर करून त्यांनी सभेस गप्प केले आणि बोलिले, "हसताय काय? हुकलेल्या लाथेला कोण नमस्कार करतंय? ही बघा, ही हवेत गेली, हिला नमस्कार न्हाई. ही लागली, हिला हाय. माणसाचं तोंड खोटं बोलंल, ह्यो हात खोटा न्हाई." आणि उठून गुरूंपुढे आले, डोईवरला फेटा सावरला आणि म्हणाले, "भोईटे, बाजारात बोललो ते चुकलं माझं."

ज्यांनी अधिक दात काढिले होते ते खाली पाहू लागले. तेवढ्यात मागून गुणवंताबाई बोलत्या जाहल्या की मग महिनाभर बरगडीस लेप लावून घेत होतात, तेव्हा स्कूटर घसरली म्हणोन सांगितले होते की मला. गुरू कधी कोणापुढे डगमगले नव्हते ते येथे गडबडले आणि छताकडे पाहू लागले. वस्तादांनी जवळ येऊन सदऱ्यावरून बोटे फिरविली आणि मान हलविली, की मोडली होती खरी, आणि पहिल्याच लाथेस, कारण पडद्यावर तेथून पुढे गुरूंचे कोपर बरगडीस चिकटलेलेच दिसते.

हे ऐकताच तुळाजीराव भिंतीपासोन उठले, लोकांच्या मांड्या तुडवीत पुढे आले, आणि तेवढा थोर देह गुरूंचे पायांशी येऊन बसला. लहान लेकरासारखे रडत त्यांनी विचारिले, "सर, पहिल्याच लाथेला मोडली तर सांगितलं का न्हाई?"

गुरूंनी त्यांचे डोईवर हात ठेविला. "सांगितलं असतं तर दुसरी मारली असतीस का?"

तात्पर्य इतकेच की कॅसेट राज्यात घरोघर गेली, लोकांनी ती लढाई इतक्या वेळा मागे नेली की तेवढ्या जागी फीत झिजोन चित्रास मुंग्या आल्या. लोक हसले आणि हसता हसता आपल्या मुलांस आखाड्यात घालिते जाहले. वस्तादांनी आपले दोन नातू स्वतः आणून सोडिले. तुळाजीरावांनी पुन्हा खलनायक होणे केले नाही, कोणी फार गळ घातली तर म्हणत, पाय उचलंना. ऐसा शिष्य, ऐसा गुरू आणि ऐसा वैरी एका काळी एका राज्यात नांदले, हे त्या राज्याचे भाग्य. जाहले ते लिहिले, पदरचे काही घातले नाही. लेखनसीमा.