धुळ्याची गळती

कुणाच्या घरी पहिल्यांदा गेलं की लोक "घर छान आहे हो" म्हणतात. आमचे शेजारी नाना छताकडे, नळाकडे, पाण्याच्या मोटारीकडे बघतात आणि आपल्या अहिराणीत विचारतात, "युनियन कोठे शे?"

घरचे गोंधळतात. एकदा कॉलनीतल्या एका मुलीसाठी मुलाचं घर बघायला आम्ही नानांना वडीलधारे म्हणून नेलं. पोहे आले, मुलगा आला, आणि नाना गायब. बघते तर मागच्या अंगणात मोटारीपाशी उकिडवे बसलेले. परत येताना म्हणाले, मुलगा बरा आहे, पण मोटारीला युनियन नाही, म्हणजे माणसं पुढचा विचार करणारी दिसत नाहीत. लग्न झालं, संसार उत्तम चाललाय. नानांचं मत मात्र कायम आहे.

युनियन म्हणजे काय, हे त्यांच्या शेजारी राहणाऱ्याला कळावंच लागतं. दोन पाईपांच्या तोंडांना लोखंडाचा एकेक तुकडा, आणि दोघांना धरून ठेवणारा वरचा मोठा नट. नट सैल केला की पाईप जागच्या जागी सुटतात, लाईन कापावी लागत नाही. नाना जन्मभर कारखान्यात फिटर होते. रिटायर झाले, काकू गेल्या, आणि आमची कॉलनी त्यांच्या तावडीत सापडली. माझ्या मोटारीला, टाकीला, गिझरला, सगळीकडे युनियन आहे. माझा नवरा म्हणतो, एक दिवस नाना घरालाही लावतील, बदली झाली की खोलून घेऊन जाऊ.

चेष्टा सोडा, पण नानांनी आवळलेलं युनियन थेंबभर गळत नाही. एक सोडून. आणि ते नेमकं धुळ्याला, त्यांच्या लेकीच्या, रोहिणीच्या सासरी, गच्चीवरच्या टाकीखाली. महिना-दीड महिना झाला की रोहिणीचा फोन येतो, "नाना, परत गळतंय." नाना पिशवीत नट आवळायचे पाने टाकतात आणि एसटी धरतात. यावरून मी त्यांना किती चिडवलं असेल त्याला हिशेब नाही. पण ते चिडत नसत. एरवी सांध्याला लावायचा सफेदा कमी पडला म्हटलं तरी दोन दिवस अबोला धरणारा माणूस.

कामाशिवाय मात्र ते तिकडे जात नाहीत. बापाने लेकीच्या सासरी उगाच जाऊन उभं राहू नये, हे त्यांचं जुनं खूळ. सहज जाऊन या, भरीत करून देते, असं मी सांगून थकले. नाही म्हणजे नाही.

गेल्या महिन्यात खुद्द व्याह्यांचा फोन आला. सज्जन गृहस्थ, पण कंटाळले होते. भिंतीला ओल धरलीय, आता इथलाच प्लंबर बोलावतो, ते युनियन काढून सरळ पाईप टाकतो, तुमचीही दगदग वाचेल, असं म्हणाले. नाना माझ्या ओट्यावर येऊन बसले. चेहरा पार उतरलेला. चहा पुढे केला तर नको म्हणाले. मला काही त्यांना एकटं सोडवेना. धुळ्याच्या मावशीला भेटायचं निमित्त करून मी सोबत निघाले. पारोळा मागे पडलं तरी माणूस मांडीवरची पिशवी चाचपत होता.

गच्चीवर मात्र तोंड सुटलं. उद्या टाकी धुवायची झाली तर? कॉक बदलायचा झाला तर? बठ्ठी, सगळीच्या सगळी लाईन कापणार का? व्याह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, "नाना, पण गळतं ना."

नानांनी मान खाली घातली. "वय झालं. हात पूर्वीसारखा राहिला नाही. पण हे काढू नका, मी येत जाईन."

हे नाना बोलले. रोहिणी दोरीवरचे कपडे काढत होती, ती तिकडेच तोंड करून उभी राहिली. व्याही ओशाळले, बरं, राहू द्या म्हणाले. नानांनी नट आवळला, खाली येऊन शेवभाजी खाल्ली, आणि आम्ही परतीची गाडी धरली.

गाडीत मला राहवेना. म्हटलं, नाना, हाताला काय धाड भरलीय तुमच्या? परवा तुम्ही आवळलेला माझा नट नवऱ्याला अजून हलवता येत नाही.

नाना हसले. म्हणाले, मी नटाला फडकं गुंडाळून पाना लावतो, ओरखडा उठत नाही. त्या नटावर दर खेपेला नवे ओरखडे असतात. पाना घसरलेला. न शिकलेल्या हाताचे.

कुणाचे, ते मी विचारलं नाही. फोन करणारी एकच होती.

"तुम्हाला कळलंय, हे तिला माहितीय?"

"नको कळायला. लाजेल. मग बोलवणार नाही."

एरंडोल आलं. मग आपणच म्हणाले, मागच्या खेपेला तिची बोटं सोलवटलेली दिसली. म्हणून आज गळणार नाही इतपतच आवळलं.

"तिना हातले जोर पडाले नको."